थोरलीला पुरा शब्द लागतो

आमच्या घरी लग्नाच्या घोड्या होत्या. माझ्या सासऱ्यांच्याही आधीपासूनचा धंदा. अक्षता पडायच्या आधी नवरदेवाला घोडीवर बसवून वाजत-गाजत मारुतीच्या दर्शनाला न्यायचं, तिथं नारळ फोडायचा अन् परत मांडवात आणून सोडायचं. लातूरच्या आसपास याला परण्या म्हणतात. आमच्या घोडीशिवाय परण्या निघत नव्हता असे दिवस मी पाहिलेत. आता नवरदेव उघड्या जीपमध्ये उभा राहतो, ट्रॅक्टरवर बसतो, एक बहाद्दर तर जेसीबीच्या बकेटात बसून आला होता. म्हणलं, येऊ द्या बाबा, लग्न तुमचं, बकेट तुमचं.

घोड्या दोन राहिल्या, थोरली अन् धाकटी. थोरली पांढरी. तिचा मागचा एक गुडघा कामातून गेलेला. जनावरांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हिच्यावर मोठं माणूस बसवायचं नाही, बसवलं तर ही बसेल ती परत उठायची नाही. लेकरू चालेल म्हणाले, हलकं असेल तर. विकायचा विषय एकदा निघाला होता, तेव्हा आमच्या मालकांनी ताटावरून उठून मला दाखवलं. मग परत कोणी काढला नाही.

लेकरं आमच्याकडं आली ती लातूरच्या एका डॉक्टरीणबाईंमुळं. लहान मुलांच्या डॉक्टर. कुणाच्या तरी लग्नाला आल्या होत्या, दावणीला घोड्या बघितल्या अन् म्हणाल्या, काही मुलं रविवारी घेऊन येऊ का? म्हणलं, घोडीवर बसून फोटो काढायचे असतील तर तिकडं जत्रेत जा. तर म्हणाल्या, बसवायचं नाही, कामाला लावायचं. घ्या! शहरातली लेकरं, आमच्याकडं येऊन लीद उचलणार. मालकांना वाटलं बाई जरा सटकलेली दिसती.

पण आली लेकरं. कुणी अंधाराला भिणारं, कुणी आईचा हात न सोडणारं, कुणी दिसेल त्याला मारणारं. बाईंनी त्यांना घोड्यांच्या अंगाला खरारा करायला लावलं, चंदीचे हरभरे भिजवायला लावलं, ते भरून घोडीच्या तोंडाला तोबरा बांधायला लावलं. सातवीतला एक मुलगा, आईबाप दोघं क्लासवाले, त्याला गाठ मारता येत नव्हती. बुटाची लेससुद्धा आई बांधायची म्हणे! तोबऱ्याची गाठ सुटली की हरभरे मातीत, अन् धाकटी त्याच्याकडं अशी बघायची की मलाच लाज वाटायची. शिकला बेटा. नंतर तो दिसेल त्याला गाठी मारत सुटला, माझ्या दळणाच्या पिशवीलासुद्धा मारून ठेवली, चाकूनं कापावी लागली.

शेवटी हलक्या लेकरांना थोडा वेळ बसवायचो. सगळी बसायची मात्र नवरदेवासारखी. ताठ, मान खाली, एकानं तर तोंडाला रुमाल धरला. माणूस घोडीवर कसं बसतं हे त्यांनी लग्नातच बघितलेलं, दुसरं बघणार कुठं? अन् थोरलीलाही तेवढंच ठाऊक. पाठीवर कोणी बसलं अन् मालकांनी हाकलं की ती सरळ मारुतीच्या पाराकडं निघायची अन् जाऊन उभी राहायची. नारळ फुटल्याचा आवाज आल्याशिवाय वळायची नाही. दर रविवारी कुठून आणणार नारळ? मग मालक दगडावर करवंटी आपटायचे. डॉक्टरीणबाई हसून हसून खाली बसायच्या.

हे सगळं सुरळीत चाललेलं असताना मे महिन्यात माझ्या नणंदेनं तिची पोरगी आमच्याकडं आणून सोडली. नणंद नायगावकडं दिलेली. पोरगी अकरा वर्षांची, काडीसारखी, डोळे मोठे. बोलताना अडखळायची. लहानपणापासूनच अडखळायची, पण पाचवीत वर्गात वाचताना एका शब्दावर अडकली ती अडकलीच, पोरं हसली, कुणीतरी नक्कल केली. दुसऱ्या दिवशी पोटात दुखतंय म्हणाली. मग रोजच दुखायला लागलं. दिवाळीनंतर शाळा जवळजवळ सुटलीच.

"वहिनी, ह्यांचं म्हणणं, जूनमध्ये नाही गेली तर नाव काढून घेऊ," नणंद म्हणाली. "घरीच राहू दे म्हणतात. चुलत जावेची पोरगी बी अशीच घरी बसली हुती."

ती चुलत जावेची पोरगी आता सासरी होती. तिचं वय मी तोंडानं काढत नाही, पण मला माहीत होतं अन् नणंदेलाही माहीत होतं. नणंद घाबरलेली होती. जून यायला दिवस थोडे होते अन् पोरगी शाळेचं नाव काढलं की भिंतीकडं तोंड करायची.

"काय गं माय, शाळेत जायचं ना?" मी विचारलं.

पोरीनं तोंड उघडलं. ओठ जुळले, गळ्याची शीर ताणली. शब्द काही येईना.

"न्हाई म्हणती," नणंद म्हणाली. "भ्या वाटतं म्हणती. पोरं हसतेत म्हणती."

पोरीनं तोंड मिटलं. माझ्या लक्षात आलं ते एवढंच की या लेकराला गेल्या कित्येक दिवसांत एक वाक्य पुरं करू दिलेलं नाही कोणी. मायेपोटीच, बरं का. नणंदेचा जीव तुटायचा, तिला ते बघवायचं नाही, म्हणून ती पोरीचा शब्द तोंडातून काढून स्वतःच बोलायची. पण जेवताना कुणी तुमचा घास उचलून स्वतः खाल्ला तर तुमचं पोट भरेल का?

नणंदेला मी दुसऱ्याच दिवशी एसटीत बसवून दिलं. तिला राग आला असेल, येऊ दे.

पोरीला थोरलीच्या कामाला लावलं. खरारा, पाणी, चारा. यात बोलायचं काम नव्हतं, म्हणून ती खुशीत होती. पण संध्याकाळी घोडीला ओढ्यापर्यंत फिरवून आणायचं, तिथं अडलं. त्याचं कारण सांगते. लग्नात घोडीच्या भोवती शंभर माणसं ओरडतात. चल म्हणतात, थांब म्हणतात, नाच म्हणतात, पिऊन आलेले तर काय वाट्टेल ते म्हणतात. घोडी सगळ्यांचं ऐकायला लागली तर नवरदेव गटारात. म्हणून सासऱ्यांनी घोड्यांना एकच शिकवलं होतं. मानेवर ज्याचा हात, त्याचंच ऐकायचं, अन् त्यानं "चल माय पुढं" असं पुरं म्हणल्याशिवाय पाय उचलायचा नाही. नुसतं "चल" म्हणलं तर थोरली ढिम्म. नुसतं ओढलं तर त्याहून ढिम्म.

पहिल्या दिवशी पोरगी मानेवर हात ठेवून उभी राहिली. "च..." झालं. तिथंच अडकली. परत "च..." मला राहवेना. जित्याची खोड म्हणा, मी मागून मोठ्यानं म्हणलं, "चल माय पुढं!"

घोडी हलली नाही. का हलेल? माझा हात कुठं होता तिच्या मानेवर?

पोरीनं मागं वळून माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, "बरं बाई, चुकलं. चालू दे तुझं," अन् गुमान जाऊन तांदूळ निवडत बसले. निवडत कसली, कान तिकडंच. लई वेळ गेला. थोरली एक कान पोरीकडं करून उभी. तिला ना घाई, ना कीव. शेपटीनं माशा हाकलायची, परत उभी. पोरगी अडकायची, सोडायची, परत पहिल्यापासून. शेवटी एका दमात नाही, तुकड्या-तुकड्यानं, पण "पुढं" पर्यंत पोचली. अन् थोरलीनं पाय उचलला.

मी सूप ठेवून बघायला गेले तेव्हा दोघी ओढ्याच्या वाटेवरल्या चिंचेपाशी पोचल्या होत्या. पोरीच्या चालण्यातच फरक होता. मला इतका आनंद झाला की मालकांना उगाच दोनदा चहा करून दिला.

यात चमत्कार काही झाला नाही, हे आधीच सांगून टाकते. घोडीशी बोलतानाही ती अडखळायचीच. पण बोलायची. खरारा करताना तिचं चालू असायचं, शाळेतल्या मैत्रिणीचं, तिच्या भावाचं, आमच्या भाजीत मीठ जास्त असतं त्याचं. हे मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. म्हणलं, घोडीला चुगल्या सांगतीस होय गं? तर लाजली अन् घोडीच्या पोटाआड झाली. माणसांपुढं मात्र तोंडाला कुलूप. मालकांनी "काय करलालीस गं?" असं विचारलं तरी नुसता हातातला खरारा दाखवायची. कुणी पाहुणा आला की गोठ्यात. जून जवळ येत होता अन् मला काळजी लागली होती की ही शाळेत काय घोडी घेऊन जाणार आहे का?

त्यातच गावात लग्न निघालं. मोठं लग्न, अख्ख्या गावाला चूलबंद आवतन, म्हणजे कुणी घरी चूल पेटवायचीच नाही. मी पोरीला नवा ड्रेस काढून दिला, पण ती येईना. मला कारण समजलं. लग्नात प्रत्येक बाई विचारणार, नाव काय, कितवीला, कुणाची तू. राहू दे म्हणलं, घोड्यांना पाणी दाखव, मी ताट घेऊन येते.

एक गोष्ट मात्र आम्हा नवरा-बायकोच्या डोक्यातच आली नाही. घोड्यांच्या धंद्यात जन्म गेलेली माणसं आम्ही, अन् लग्नाच्या दिवशी थोरलीला मोकळं सोडून आलो! नवरदेवाला जीप होती, डीजे होता, म्हणून आम्हाला वाटलं घोडीचा काय संबंध. पण नवरदेवाच्या आजोबांनी हट्ट धरून हलगी अन् सनई पण बोलावली होती. परण्या निघाला, डीजे बंद केला अन् हलगी कडाडली.

मी बायकांच्या घोळक्यात मागं होते. पुढं एकदम गलका झाला. "घोडी आली रे! घोडी आली!" टाचा उंच करून बघते तर थोरली! खोगीर नाही, झूल नाही, अन् पाठीवर आमची पोरगी, शेणाचे हात, विटका ड्रेस, मानेचे केस मुठीत धरून. ओढ्यावर पाण्याला घेऊन गेली होती, येताना बसली असेल, अन् हलगी ऐकताच, कुणाच्या शब्दाची वाट न बघता, थोरली तिला घेऊन कामावर हजर झाली होती. जीपच्या पुढं आपल्या जागेवर येऊन उभी राहिली अन् लागली दुखऱ्या पायानं ठेका धरायला.

बायकांची दाटी इतकी की मुंगीला जागा नाही. मालक तिकडं पंगतीच्या तयारीला. पोरं शिट्ट्या मारायला लागली. तेवढ्यात नवरदेवाचा मामा, चांगला धिप्पाड माणूस, ओरडला, "अरे पांढरी घोडी आपल्या पायानं चालत आली, शकुन हाय शकुन! उतरवा त्या पोरीला, नवरदेवाला बसवा!"

नवरदेव जीपमधून उतरायलाही लागला. तोही मामावरच गेलेला, वजनात. एकानं पोरीच्या दंडाला धरलं. मी मागून "आवो, न्हाई, न्हाई!" म्हणून ओरडले, पण हलगीपुढं एवढ्या मागून कुणाला ऐकू येणार? मला तो गुडघाच दिसत होता. बसवलं असतं तर थोरली आमच्या डोळ्यांदेखत रस्त्यात पडली असती, अन् मग उठली नसती.

पोरीनं त्या माणसाचा हात झटकला. तिनं तोंड उघडलं. एवढ्या मागूनही मला तिच्या गळ्याची शीर दिसली.

"ति... ति..."

"तिचा मालक? मालकाला सांगतो आम्ही," मामा म्हणाला.

पोरीनं मान हलवली. परत पहिल्यापासून. "ति... तिचा प... प..."

"पट्टा? पट्टा नसला तर नसू दे!" दुसरा कोणीतरी म्हणाला. दोघं-चौघं हसली. एक टवाळ पोरगं "प-प-प" करायला लागलं.

मला वाटलं, संपलं. आता ही खाली उतरणार, पळत घरी जाणार अन् पुढं जन्मात तोंड उघडणार नाही. मला स्वतःचाच संताप आला, का ठेवून घेतलं या लेकराला इथं, नायगावला बरी होती भिंतीकडं तोंड करून.

ती उतरली नाही. हसणारी हसेपर्यंत थांबली. हलगीवाल्याकडं बघून हात वर केला. हलगीवाला म्हातारा, त्यानं आयुष्यभर थोरलीपुढं वाजवलेलं, तो थांबला. एकदम शांत झालं. अन् त्या शांततेत, अख्खं गाव तोंडाकडं बघत असताना, तिनं पुन्हा सुरुवात केली.

"ति... तिचा... पाय... दु... दुखतो. मो... मोठं माणूस... ब... बसवायचं... न्हाई."

केवढा वेळ लागला! मधे मामानं एकदा तोंड उघडलं होतं, तर हिनं त्याच्याकडं असं बघितलं की तो गप झाला. शेवटच्या "न्हाई"ला मात्र अडखळली नाही. ते खणखणीत आलं.

कोणी हसलं नाही. मामानं डोक्यावरचा फेटा सावरला अन् म्हणाला, "बरं बाई. न्हाई बसवत. आधी सांगायचं की."

आधी सांगायचं की! माझं डोकंच फिरलं. पण रडू पण येत होतं, अन् हसू पण, त्यामुळं भांडायचं राहून गेलं.

नवरदेव गेला परत जीपमध्ये. थोरली मात्र घरी यायला तयार नाही. कशी येईल, नारळ कुठं फुटला होता? शेवटी परण्या तसाच निघाला. पुढं हलगी, मग थोरलीवर आमची पोरगी, मग जीपमध्ये नवरदेव. पोरगी ताठ बसली होती, पण मान वर. मारुतीपुढं नारळ फुटला तशी थोरली आपणहून वळली अन् पोरीला घेऊन घरी गेली. त्या परण्याला दोन नवरदेव होते असं गावात अजून म्हणतात. मी ऐकते अन् हसते, माझं काय जातं?

मी ताट घेऊन घरी गेले तर पोरगी गोठ्यात थोरलीचा गुडघा ऊन पाण्याच्या फडक्यानं शेकत बसलेली. मी शेजारी बसले. मला तिला लई काही म्हणायचं होतं, पण तोंडातून निघालं, "बुंदी गार होईल." तिनं शेणाच्या हातानंच खायला घेतली. तिला विहिरीवर हात धुवायला पाठवलं अन् तेवढ्या वेळात मी मनसोक्त रडून घेतलं.

शाळा उघडायच्या आधी नणंद न्यायला आली. पोरगी पिशवी भरून तयार होती. शाळेविषयी तिनं मला काहीच सांगितलं नव्हतं अन् मीही विचारलं नव्हतं. विचारायची भीती वाटत होती, खरं सांगते. एसटी हलली तशी तिनं खिडकीतून हात केला, एवढंच.

मग बरेच दिवस फोन नाही. मी करायला घ्यायचे अन् ठेवून द्यायचे. नाव काढलं असेल तर नणंदेला कोणत्या तोंडानं बोलणार होते मी?

एका संध्याकाळी तिचाच आला.

"वहिनी, शाळेतून बोलावणं आलं हुतं मला," ती म्हणाली अन् मला वाटलं, नाव काढायलाच असेल. मग लक्षात आलं, शाळेतून बोलावणं आलं म्हणजे पोरगी शाळेत जाती!

"काय झालं? पुन्हा हसली का पोरं?"

"हसली की. मॅडम म्हणल्या, ही वाचायला उभी राहिली की खाली बसतच न्हाई. पोरं हसली तर थांबून राहती, हसू देती, अन् परत पहिल्यापासून चालू करती. मॅडमनी दोनदा शब्द सांगितला तर मॅडमलाच थांबा म्हणून हात दाखवला म्हणे! धडा पुरा करून बसली. तास संपला, पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे."

"मग चिडल्या का मॅडम?"

"चिडल्या न्हाईत तशा. विचारत हुत्या, काय करायचं म्हणून. मी म्हणलं, मॅडम, तिला जरा वेळ लागतो, ती लहानपणापासून... तर ही माझ्या बाजूलाच उभी. तिनं माझ्या हातावर हात ठेवला अन् म्हणती, आ... आई, तू थांब. मी सांगते."

मी वाट बघितली.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, वहिनी. थांबले मी."